दुभाष्याचे स्टूल

शिक्षकाला सल्ला देण्याची खोड असते. तीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर समोर कुणी प्रश्न घेऊन आले की उत्तर तोंडाशी तयार असते, आणि ते देण्यापूर्वी क्षणभर थांबावे हे सुचत नाही. पालक विचारतात, मुलाला वाणिज्य शाखा द्यावी की विज्ञान. शेजारीण विचारते, मुलीला वसतिगृहात ठेवावे की मावशीकडे. आम्ही सांगून मोकळे होतो. त्यांतले किती सल्ले खरे ठरले याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही. एका सल्ल्याचा हिशेब मात्र आमच्याकडे आपोआप राहून गेला आहे. तो आम्ही २०१८ साली कुवेतमध्ये दिला आणि तो चुकला. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, भाचरे, नातवंडे आज डॉक्टर होण्याच्या खटपटीत आहेत, त्यांतली काही परदेशी आहेत. म्हणून ती हकीकत येथे लिहितो.

यजमानांची नोकरी कुवेतमध्ये असल्यामुळे २०१२ ते २०२० अशी आठ वर्षे आम्ही तेथे काढली व एका भारतीय शाळेत माध्यमिक वर्गांना इतिहास-भूगोल शिकविला. राहणे जलीब अल शुयूख या वस्तीत होते. नावाचा अर्थ शेखांची विहीर. ती विहीर आम्हांस कधी दिसली नाही. दिसत ती एकमेकांस चिकटून उभी असलेली जुनी घरे, खड्ड्यांचे रस्ते, अधूनमधून तुंबलेली गटारे, आणि विमानतळ जवळच असल्यामुळे डोक्यावरून खाली उतरणारी विमाने. हिच्याच अब्बासिया नावाच्या भागात भारतीय कुटुंबे, भारतीय शाळा व केरळी दुकाने यांची दाटी आहे. हसावी नावाच्या भागात एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा एकटे मजूर राहात. कुवेतमध्ये भारतीयांची संख्या सुमारे दहा लाख, म्हणजे तेथील लोकसंख्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. त्यांतील एक मोठा भाग आंध्रच्या कडप्पा व गोदावरी या जिल्ह्यांतून आलेला आहे, हे पुढे महत्त्वाचे ठरणार असल्यामुळे आताच सांगून ठेवतो.

तेथे शुक्रवारी व शनिवारी सुट्टी असते. मुंबईत ज्या शब्बाथच्या सुट्टीसाठी आम्हांस दर नव्या मुख्याध्यापकांपुढे हात जोडून उभे राहावे लागले, ती तेथे न मागता पदरात पडली. शनिवारी ही बाई घराबाहेर का पडत नाही, हे कुणी विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असल्यामुळे आम्ही कोकणातले, एवढे ओळखून लोक समाधानी असत.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सोलापूरचे एक कुटुंब होते. वडील एका बांधकाम कंपनीत भांडारपाल, आई घरी, एक मुलगी व एक धाकटा मुलगा. सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर मंडळी पिढ्यानपिढ्या घरात तेलुगू व बाहेर मराठी बोलतात, त्यांपैकी हे घर. मुलगी आमच्याच शाळेत. वर्गात ती आम्हांस इतरांप्रमाणे ‘मॅडम’ म्हणे आणि जिन्यात भेटली की ‘बाई’. वर्गातल्या मॅडमना न विचारता येणारे प्रश्न ती जिन्यातल्या बाईंना विचारी.

अकरावीत असताना, २०१८ च्या सप्टेंबरात, ती एक कागद घेऊन आली. तिचा मामेभाऊ अमेरिकेत शिकत होता. तेथे बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात जाता येत नाही. अगोदर चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, ती कोणत्याही विषयाची चालते, आणि त्या काळात वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्यांस ‘प्री-मेडिकल’ विद्यार्थी म्हणतात. पुढे प्रवेश-अर्जात केवळ गुण पाहात नाहीत. रुग्णांच्या सहवासात काय केले, समाजासाठी काय केले, डॉक्टरांबरोबर किती दिवस हिंडलात, हेही विचारतात. त्या अर्जात अशा कामांच्या फार तर १५ नोंदी करता येतात आणि त्यांतील तीन नोंदी ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडून त्यांविषयी अधिक लिहावे लागते. मामेभाऊ याच पेचात होता: रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात खाटा ढकलाव्यात, मरणासन्न रुग्णांच्या आश्रमात जाऊन बसावे, की गरीब मुलांस गणित शिकवावे? त्याचे ते पत्र वाचून हिलाही वाटले की आपणही आतापासून काही केले पाहिजे. कागदावर तिने दोन रकाने पाडले होते.

पहिल्या रकान्यात एक खासगी दवाखाना होता. वडिलांच्या ओळखीने तेथे दर शुक्रवारी सकाळी चार तास काम मिळत होते. काम कागदपत्रे लावण्याचे व रुग्णांस क्रमांक देण्याचे. गळ्यात ओळखपत्र, थंड हवा, आणि शेवटी तासांचा आकडा घातलेले प्रमाणपत्र. दुसऱ्या रकान्यात मजुरांसाठी भरणारी मोफत तपासणी शिबिरे होती. ही शिबिरे भारतीय डॉक्टर व निरनिराळ्या प्रांतांची मंडळे मिळून शुक्रवारी एखाद्या शाळेच्या सभागृहात भरवीत. १ ऑक्टोबर २०१७ पासून तेथील सरकारी दवाखान्यांत परदेशी लोकांस लागणारे शुल्क वाढले होते, त्यामुळे या शिबिरांची रांग रस्त्यापर्यंत जाई. तेथे स्वयंसेवकांस काय काम मिळेल याचा नेम नसे. कधी नावे लिहिणे, कधी पाणी वाटणे, कधी रांग सरळ करणे. प्रमाणपत्र मिळालेच तर सगळ्यांस एकसारखे.

“बाई, मी कोणते घेऊ?” तिने विचारले.

आम्ही कागदावरून नजर फिरवली आणि म्हणालो, “दवाखाना घे. नियमित आहे, सुरक्षित आहे, कागद हाती पडतो. शिबिरांत तू पाणीच वाटत राहशील.”

एवढेच. चहा निवण्याच्या आत सल्ला देऊन झाला.

बी.एड्.च्या वर्षात आम्हांस अध्यापनाची जी सूत्रे घोकावी लागली, त्यांतील पहिले होते ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’. सराव पाठाच्या टाचणात प्रत्येक वेळी ‘पूर्वज्ञान’ असा मथळा लिहून त्याखाली विद्यार्थ्यांस काय ठाऊक आहे ते नोंदवावे लागे. ते राहिले तर आमच्या मार्गदर्शक बाई पाठ सुरूच करू देत नसत. त्या दिवशी समोर बसलेल्या मुलीस काय येते, हे आम्ही विचारले नाही. तिच्या घरातून रोज जिन्यात ऐकू येणारी तेलुगू आमच्या कानांवर पडत होती आणि तिचा त्या दोन रकान्यांशी काही संबंध आहे असे आमच्या मनातही आले नाही.

ती दवाखान्यात जाऊ लागली. पहिल्या महिन्यात तोंडावर आनंद होता. पुढे पुढे ती म्हणे, “बाई, मी रुग्णांशी बोलायचे नाही असे सांगितले आहे. फाईल आणायची, फाईल ठेवायची.” आम्ही म्हणत असू, शिस्त शिकतेस हे काय थोडे आहे?

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर काही मजूर राहात. त्यांत गिलावा करणारा कडप्पाकडील एक गृहस्थ होता. वय पंचेचाळिशीच्या पुढे, हिंदी जेमतेम, इंग्रजी व अरबी नाही. नोव्हेंबरातील शिबिरास तो गेला. त्याने डॉक्टरांस जे सांगितले ते पुढे त्यानेच या मुलीस शब्दशः सांगितले, म्हणून आम्हांस कळले. तो म्हणाला होता, ‘कळ्ळु तिरुगुतुन्नायि’. तेलुगूत कळ्ळु म्हणजे डोळे व तिरगणे म्हणजे फिरणे. पण डोळे फिरतात याचा अर्थ घेरी येते, चक्कर येते. शेजारी उभ्या असलेल्या एका हौशी स्वयंसेवकास डोळे तेवढे कळले. त्याने ‘डोळ्यांची तक्रार आहे’ असे सांगितले आणि गृहस्थाची रवानगी चष्म्याच्या टेबलाकडे झाली. तळपायांची आग होते असेही तो म्हणाला होता, पण तोवर पुढचा माणूस खुर्चीत बसला होता. साखर तपासण्याच्या पट्ट्या त्या दिवशी कमी होत्या, म्हणून डॉक्टर ज्यांस चिठ्ठी देत त्यांचीच तपासणी होई. याला मिळाली ती जवळचे वाचण्याच्या चष्म्याची चिठ्ठी. वाचता न येणाऱ्या माणसाला.

फेब्रुवारीत त्याच्या पायाचे बोट काळे पडले. पायाची संवेदना गेलेली असल्यामुळे बुटातला खडा त्याला कित्येक दिवस जाणवलाच नव्हता. मधुमेह बराच जुना होता. सरकारी रुग्णालयात आधी एक बोट काढले, मग आणखी दोन काढावी लागली. निघण्याच्या आधीच्या रात्री तो जिन्यात पायरीवर बसला होता. मुलगी वर जाताना तेलुगूत काही बोलली असेल, तेव्हा त्याने तिला हे सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी कंपनीने त्याला विमानात बसविले. त्यानंतर त्याचे काय झाले ते आम्हांस ठाऊक नाही.

ती रात्री दहा वाजता आमच्या दारात आली. रडत नव्हती. “बाई, त्या दिवशी मी फाईली लावत होते,” एवढेच म्हणाली.

ती तेथे असती तर त्याची बोटे वाचली असती, असे आम्ही म्हणत नाही. मधुमेह दहा वर्षांचा असावा. एका शुक्रवारने काय होते नि काय नाही, हे डॉक्टरच सांगू शकतील. पण त्या सभागृहात ‘कळ्ळु तिरुगुतुन्नायि’ म्हणजे काय ते ठाऊक असलेले माणूस पाचशे पावलांवर होते आणि आम्ही ते दुसरीकडे पाठविले होते, हे खरे.

पुढच्या शिबिरास ती जाऊ लागली. तिच्या वडिलांनी अट घातली, “बाई बरोबर असतील तरच.” सतरा वर्षांच्या मुलीने शेकडो अनोळखी पुरुषांच्या गर्दीत एकटीने बसावे, हे कोणत्याही बापास रुचणार नाही, आणि ते योग्यच होते. म्हणून शुक्रवारी आम्हीही नावनोंदणीच्या टेबलावर बसू लागलो. अशा रीतीने एका सल्ल्याची भरपाई आम्ही आमच्या सकाळच्या झोपेने केली, असे यजमान म्हणत.

पहिल्याच शुक्रवारी आणखी एक निवड पुढे आली. रक्तदाब मोजणाऱ्या स्वयंसेवकांत जागा रिकामी होती आणि तिचे डोळे तिकडे लागले होते. दंडाला पट्टा बांधणे, यंत्राचा आकडा वाचणे, त्यात डॉक्टरकीचा थाट आहे. दुभाष्याचे काम म्हणजे डॉक्टरांच्या खुर्चीच्या बाजूला एक लोखंडी स्टूल आणि दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये. शिबिराच्या प्रमुख एक वयस्क केरळी डॉक्टरबाई होत्या. त्यांनी तिला विचारले, “तुला काय येते?” म्हणजे जो प्रश्न आम्ही सप्टेंबरात विचारावयास हवा होता तो. तिने तेलुगू म्हणताच त्यांनी हाताने स्टूल दाखविले. “पट्टा बांधायला मला दहा जण मिळतात,” त्या म्हणाल्या.

ते काम वाटते तसे सोपे नाही हे आम्ही शेजारच्या टेबलावरून पाहिले. डॉक्टरबाईंनी तिला नियम सांगितले ते असे. रुग्ण ‘मला’ म्हणाला तर तूही ‘मला’ म्हण. ‘तो म्हणतो की’ असे लावू नकोस, कारण मग तू गोष्ट सांगू लागतेस. तो जेवढे बोलला तेवढेच सांग, निरर्थक वाटले तरी गाळू नकोस. माझे शब्द मऊ करू नकोस. शब्द समजला नाही तर समजला नाही म्हण. अंदाज करू नकोस. वाईट बातमी असेल तर मी तुला उठवून मोठ्या माणसास बोलावीन, तेव्हा रागावायचे नाही. आणि येथे ऐकलेले येथेच ठेवायचे.

मऊ करू नकोस, हा नियम तिने पहिल्या तासातच मोडला. डॉक्टरबाई एकास म्हणाल्या, दारू सोडली नाहीस तर यकृत जाईल. तिने तेलुगूत काही सांगितले आणि तो माणूस हसला. डॉक्टरबाईंनी लेखणी खाली ठेवली. “यकृत जाईल हे ऐकून कुणी हसत नाही. तू काय सांगितलेस?” तिने कबूल केले की ‘दारू थोडी कमी करा, अण्णा’ असे सांगितले. वडीलधाऱ्या माणसाला ते वाक्य कसे म्हणावे, हेच तिला समजेना. आपल्या घरात मुलींस मोठ्यांपुढे खालच्या आवाजात बोलावयास शिकवितात, आणि मग एके दिवशी असे वाक्य उच्चारण्याची पाळी येते.

यापेक्षा मोठी चूक मे महिन्यात झाली. एका मजुरास डॉक्टरांनी पाठीसाठी ओझे उचलणे बंद करावयास सांगितले. संध्याकाळी त्याच्याच खोलीतला एक जण वाण्याच्या दुकानात हिला भेटला व अगदी काळजीने त्याने विचारले, “आमच्या अण्णाला डॉक्टर काय म्हणाले?” हिने सांगितले. चार दिवसांत ती गोष्ट मुकादमापर्यंत गेली. ओझे न उचलणाऱ्या माणसाचे मुकादमास काय काम? त्याचे जादा कामाचे तास बंद झाले. म्हणजे घरी पाठवायच्या पैशांतला मोठा भाग गेला. तो पुढच्या शिबिरास आला, तिच्या स्टुलापुढे उभा राहिला, आणि काही न बोलता दुसऱ्या रांगेत गेला. ती रांग हिंदीची होती आणि त्याला हिंदी येत नव्हते.

त्या दिवशी ती परत दवाखान्यात जाते म्हणाली. तेथे निदान कुणाचे नुकसान होत नाही, फाईलींना तोंड नसते. आम्ही या वेळी सल्ला दिला नाही. आम्हांस काय सांगावे ते खरोखरच सुचले नाही. डॉक्टरबाईंना जाऊन सांग, एवढे म्हणालो. त्यांनी तिला सांत्वनाचा एक शब्द ऐकविला नाही. त्या म्हणाल्या, “त्याच्याकडे जा, माफी माग, आणि त्याला विचार की मुकादमाला माझ्याकडून चिठ्ठी हवी आहे का. हवी असली तरच मी लिहीन.” वडील तिला घेऊन त्या खोलीवर गेले. त्याने चिठ्ठी नको म्हटले. पण त्यानंतरच्या शिबिरात तो तिच्याच रांगेत होता.

येथे आपल्या समाजातील एका नावाचा उल्लेख करावासा वाटतो. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे: लंडन विद्यापीठाची एम.डी., १९२८ ते १९४७ कामा रुग्णालयाच्या प्रमुख, १९६६ साली पद्मश्री. लहानपणी आम्हांस त्यांच्या पदव्या पाठ करावयास लावीत. मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची त्यांनी तपासणी केली व तिचा अहवाल १९४१ मध्ये निघाला, हे मात्र कुणी सांगितले नव्हते. ते पुष्कळ उशिरा वाचनात आले. बाळंतीण दगावली तर ती का दगावली, कुणी केव्हा काय केले किंवा केले नाही, हे विचारून विचारून लिहून काढण्याचे ते काम. शाळेत भाषणासाठी मुलींस विषय देताना आम्ही पदव्यांऐवजी आता तो अहवाल सांगतो.

पुन्हा आमच्या मुलीकडे वळू. शिबिरांत तिने एक वही केली. डाव्या बाजूस रुग्ण बोलतात तो तेलुगू शब्द देवनागरीत, मध्ये मराठी, उजवीकडे डॉक्टर लिहितात तो इंग्रजी शब्द. ‘तिम्मिरि’ म्हणजे मुंग्या येणे, बधिरपणा. ‘मंट’ म्हणजे आग होणे, आणि तळपायांची आग असेल तर साखरेची चिठ्ठी मागून घ्यावयाची, अशी शेजारी लाल शाईत टीप. ‘आयासम्’ म्हणजे धाप. आपण ज्याला आयास म्हणतो ते नव्हे, म्हणून त्याखाली दोन रेघा. ‘कळ्ळु तिरगडम्’ पहिल्या पानावर पहिले. उन्हाळ्यात त्या शब्दाची रांग लागे. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे, तरी सकाळी नऊलाच तेथे जी आग असते तिला आपला वैशाख काहीच नव्हे.

मामेभावाने मध्यंतरी कळविले की महाविद्यालयात जाण्यापूर्वीच्या तासांना त्या अमेरिकन अर्जात फारसे वजन नसते. म्हणजे ज्या प्रमाणपत्रासाठी आम्ही तिला दवाखान्यात पाठविले त्याचा तेथेही विशेष उपयोग नव्हता. हे वाचून आम्ही हसलो. ती हसली नाही.

६ एप्रिल २०२० रोजी कोरोनामुळे जलीब अल शुयूखची नाकेबंदी झाली. रस्त्यांच्या तोंडांशी अडथळे व तारेचे कुंपण उभे राहिले, आणि ९ जुलैपर्यंत ती वस्ती बंद होती. शिबिरे बंद, शाळा बंद, तिची बारावीची परीक्षा अर्धवट. तिने काय केले तर मोठ्या कागदांवर तेलुगूत सूचना लिहिल्या: ताप आल्यास कुणाला कळवावे, खोलीतल्या एकास लागण झाल्यास काय करावे, साखरेची गोळी बंद करू नये. वडील ते कागद रात्री दोरीने गच्चीवरून शेजारच्या इमारतींच्या चौकीदारांस सोडत. ओळखीचे मजूर तिला दूरध्वनी करीत आणि ती डॉक्टरबाईंस. आम्ही त्या उन्हाळ्यातच सामान आवरून ठाण्यास परतलो.

वडिलांच्या पगारात कपात झाली होती. अमेरिकेचा विचार घरात कुणी पुन्हा काढला नाही. आपल्याकडील वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो, आणि २०२० साली आखाती देशांत त्या परीक्षेचे केंद्र नव्हते; विमाने मर्यादित असताना कित्येक मुले परीक्षेसाठी भारतात आली, त्यांत ही व तिची आई होती. १३ सप्टेंबर २०२० ची ती परीक्षा. गुण कमी पडले. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, १२ सप्टेंबर २०२१ रोजी, भारताबाहेरचे पहिले केंद्र कुवेतमध्ये निघाले, तेव्हा ही सोलापुरात आजीकडे राहून दुसऱ्यांदा बसली होती. या वेळी जागा मिळाली ती अलिबागच्या शासकीय महाविद्यालयात. अर्ज भरताना तिने आम्हांस दूरध्वनी केला होता. “बाई, शिबिरांचे कुठे लिहायचे? रकानाच नाही.” रकाना नव्हता हे खरे.

अलिबाग म्हणजे आमचे माहेर. नवगाव तेथून जवळ, आमच्या आजीचे सारे आयुष्य त्याच किनाऱ्यावर गेले. गेल्या दिवाळीत ती ठाण्यास आमच्या घरी आली, तेव्हा पिशवीतून ती जुनी वही काढली. मागच्या कोऱ्या पानांवर आता नवे रकाने होते, आणि डाव्या बाजूस तेलुगूऐवजी कोकणातल्या म्हाताऱ्या बायांचे शब्द. भोवळ, घेरी, हातपाय गळणे, पोटात ढवळणे, कसंसं होणे. काहींच्या पुढची जागा रिकामी होती.

“बाई, तुम्ही इकडच्या ना?” ती म्हणाली. “परवा वॉर्डात एक आजी सारखी म्हणत होती, ‘जीव कासावीस होतो गं’. म्हणजे नक्की कुठे काय होते? छातीत, पोटात, की मनात? मी डॉक्टरांना काय सांगू?”

आमची आजी हेच म्हणत असे, आणि आम्ही तिला पंखा घालीत असू. आम्ही आठवून आठवून सांगितले: कधी ती धाप लागल्यावर म्हणे, कधी उपास सोडण्याआधी, कधी गर्मीत, आणि एकदा, आमचा काका इस्रायलला निघाला तेव्हा, तीन दिवस म्हणत होती. मुलीने सगळे लिहून घेतले. शेवटचेही. मग विचारले, “आणि त्या तीन दिवसांत ती जेवत होती का?”